‘ची’ हो म्हणतो तेव्हा: नशीब आणि जगण्याचा हेतू यांबद्दलच्या इग्बो म्हणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इग्बो लोक कोण, कुठले?

नायजेरियाच्या आग्नेय भागातले. अनाम्ब्रा, इमो, एनुगू, एबोनयी आणि अबिया ही पाच राज्यं त्यांची मुख्य भूमी. नायजर नदीच्या पश्चिमेला, डेल्टा राज्यातही त्यांची वस्ती आहे. जुन्या पुस्तकांत ‘ईबो’ असा उल्लेख सापडतो, तेच हे लोक. ‘इग्बो एन्वे एझे’, म्हणजे इग्बोंना राजा नसतो, असं ते स्वतःबद्दल म्हणत आले आहेत. ओनित्शा आणि न्री इथे राजे होतेच, पण बहुतेक गावांचा कारभार वडीलधारे, किताब मिळवलेले पुरुष आणि कुळांच्या सभा चालवत. मला वाटतं, पुढच्या सगळ्या म्हणी समजायला हे लक्षात ठेवलेलं बरं. घासाघीस, युक्तिवाद आणि समजूत यांवर ज्यांचं गाव चालायचं, त्यांनी नशिबाशीही तसंच वागायचं ठरवलं.

त्यांच्याकडे म्हणींना इतकं वजन का?

‘इलू’ म्हणजे म्हण. ‘म्हण हे तेल, त्याच्याशी शब्द खायचे’ असं इग्बो सांगतात. तेल म्हणजे लाल पाम तेल. याम हा कोनफळाच्या जातकुळीतला कंद. तो भाजून या तेलाबरोबर खातात. कोरडा याम घशाखाली उतरत नाही, तसं म्हणीवाचून बोलणंही उतरत नाही.

पाहुण्यापुढे कोला फळ (स्वागताला देतात ती कडवट बी) फोडताना, लग्नाच्या बोलणीत, जमिनीच्या तंट्यात म्हणी येतातच. पण कोणीही उठावं आणि म्हण टाकावी, असं चालत नाही. वडीलधाऱ्यांसमोर तरुण माणूस आधी ‘आपली मोठी माणसं म्हणतात’ असं जोडतो आणि मगच म्हण उच्चारतो.

आणखी एक म्हण इथेच सांगून टाकतो. ज्याला म्हण सांगून वर तिचा अर्थही उलगडून सांगावा लागतो, त्याच्या आईसाठी दिलेलं देज पाण्यात गेलं! या हिशेबाने हे सगळं पान म्हणजे लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्यांचा सामुदायिक अपमान आहे. पण आपण इग्बो घरात वाढलेलो नाही, तेव्हा तो सोसू.

‘ची’ म्हणजे नेमकं काय?

(मराठीत हा शब्द षष्ठीच्या प्रत्ययासारखा दिसतो, म्हणून इथे तो अवतरणात आणि पुल्लिंगी वापरला आहे.)

प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा ‘ची’ असतो. माणूस इथे, या जगात. त्याचा ‘ची’ तिकडे, अदृश्य जगात. दोघं जोडीने असतात. ‘इहे क्वूरू, इहे अक्वूदेबे या’ अशी म्हण आहे: एक गोष्ट उभी राहिली की दुसरी तिच्या शेजारी उभी राहते. कुठलीही गोष्ट एकटी नसते, एकच सत्य पुरेसं नसतं, हा इग्बो विचाराचा पाया म्हणावा इतकी ही म्हण सर्वत्र लागू होते. माणसाच्या बाबतीत शेजारी उभा असतो तो ‘ची’.

जन्माला येण्याआधी माणूस आणि त्याचा ‘ची’ यांच्यात काही ठरतं: किती आयुष्य, कुठले गुण, कशात यश, असं अनेक भागांत मानलं जाई. ते ठरलेलं तळहातावर उमटतं, म्हणून नशिबाला ‘अकारा अका’, हातावरच्या खुणा, असाही शब्द आहे. सगळ्यांच्या वर ‘चुक्वू’, म्हणजे महान ‘ची’, आहे. पण रोजच्या अडचणीत माणूस आधी वळतो तो स्वतःच्या ‘ची’कडे. जुन्या घरांत त्याचं छोटं स्थान असे. तिथे कोला फळ ठेवायचं, ताडी ओतायची, दोन शब्द बोलायचे.

प्रदेशागणिक तपशील बदलतात. इग्बोंचा एकच धर्मग्रंथ नाही, एकच पुरोहितवर्ग नाही. त्यामुळे ‘ची’ची एकमेव अधिकृत व्याख्या शोधणाऱ्याच्या हाती म्हणीच लागतात. आणि म्हणी एकमेकींशी भांडतात.

म्हणजे आपलं प्रारब्धच ना?

नाही. प्रारब्ध मागच्या जन्मांच्या कर्मातून येतं. त्यात न्याय आहे, हिशेब आहे. ‘ची’च्या कल्पनेत तसा हिशेब नाही. इग्बो पुनर्जन्म मानतात, पूर्वज त्याच घराण्यात परत येतो असं समजतात, पण या जन्मीचं दुःख म्हणजे मागच्या पापाची शिक्षा, अशी सरसकट मांडणी तिथे दिसत नाही. आणि प्रारब्धाशी बोलता येत नाही, ते भोगून संपवायचं असतं. ‘ची’शी मात्र बोलता येतं, रुसता येतं, त्याला पटवता येतं.

‘दैव’ हा शब्द थोडा जवळचा. पण आपलं दैव एकटं वर बसून असतं. ‘ची’ सोबत चालतो.

‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’ या म्हणीचा अर्थ ‘मनात आणलं तर काहीही मिळतं’ असाच आहे ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त चुकीच्या उत्तरांनी भरलेला प्रश्न हाच. शब्दशः अर्थ असा: माणूस हो म्हणाला की त्याचा ‘ची’ही हो म्हणतो.

ही म्हण जगभर पोचली ती इग्बो लेखक चिनुआ अचेबे यांच्या 1958 सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीमुळे. आता ती प्रेरणादायी भाषणांत, मगांवर आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रांवर दिसते, आणि तिथे तिचं पार सोपं करून टाकलेलं असतं. जणू ‘ची’ हा वरचा कारकून आहे आणि आपण अर्जावर ठाम सही केली की तो शिक्का मारतो.

म्हणीत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. आधी माणूस, मग ‘ची’. पहिला होकार माणसाने द्यायचा. आणि हा होकार मनातल्या मनात दिलेला नसतो. इग्बो शेतकऱ्याच्या जगात हो म्हणणं म्हणजे बियाणं मागायला जाणं, माती ओढून यामच्या ढिगाऱ्या घालणं, वेलांना काठ्या लावणं. ‘अका अजा अजा ना-एबूते ओनू म्मानू म्मानू’, धुळीने माखलेला हात तेलाने माखलेलं तोंड आणतो, ही म्हण तिच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे होकार कशाने भरायचा ते कळतं. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ म्हणून आपण ज्याची टर उडवतो, त्या माणसाला उठवायला ही म्हण आहे.

पण ती हमी देत नाही. अचेबेंच्या कादंबरीतच नायक ओकोन्क्वोच्या बाबतीत आधी हीच म्हण कौतुकाने येते. पुढे त्याच्या हातून अपघाताने एक मुलगा मरतो, त्याला सात वर्षं गाव सोडावं लागतं, आणि तेव्हा त्याला वाटतं की वडीलधाऱ्यांचं म्हणणं खोटं होतं; आपण हो म्हणत असतानाही आपला ‘ची’ नाही म्हणाला. मगावर हा दुसरा भाग छापत नाहीत.

मग उलट सांगणाऱ्या म्हणीही आहेत?

भरपूर.

‘एबे ओन्ये दारा का ची या क्वातूरू या’: माणूस जिथे पडला, तिथेच त्याच्या ‘ची’ने त्याला ढकललं.

‘ओन्ये बुरू ची या उझो, ओ ग्बाग्बूओ ओन्वे या न’ओसो’: जो आपल्या ‘ची’च्या पुढे धावतो, तो धावून धावून स्वतःचाच जीव घेतो. माझी सगळ्यांत आवडती म्हण ही. मेहनत करू नको असं ती म्हणत नाही, वेगाबद्दल बोलते. जोडीदार मागे राहिला तर तुझ्या पुढे जाण्याला अर्थ काय, असा तिचा सूर आहे.

मग न्झा पक्ष्याची म्हण. न्झा हा अगदी चिमुकला पक्षी. एकदा पोटभर जेवला आणि इतका माजला की त्याने आपल्या ‘ची’लाच कुस्तीचं आव्हान दिलं. जरा यश मिळताच ज्याचे पाय जमिनीवर राहत नाहीत, त्याला ‘न्झासारखं करू नकोस’ असं सुनावतात.

याच धाग्याची एक लोककथा आहे. एका पैलवानाने माणसांच्या जगात सगळ्यांना चीत केलं. समाधान होईना, म्हणून तो आत्म्यांच्या जगात गेला. तिथेही एकेकाला लोळवत सुटला. सोबतचे म्हणाले, पुरे, परत फिरू. तो ऐकेना. अजून कोणी असेल तर पाठवा! शेवटी आत्म्यांनी त्याच्यासमोर त्याचाच ‘ची’ उभा केला. दिसायला किरकोळ, काटकुळा. त्याने पैलवानाला एका हाताने उचललं आणि खडकावर आपटलं. गोष्ट संपली.

मग खरं काय मानायचं? माणूस मोठा की ‘ची’?

इथे आपली सवय आडवी येते. म्हणी समोर ठेवून आपण त्यांतून सिद्धांत काढायला बसतो: इग्बो लोक नियतिवादी की प्रयत्नवादी? प्रश्नच चुकीचा आहे. म्हण ही मानायची गोष्ट नसते, वापरायची असते. कोण, कोणाला, कधी म्हणतं, यात तिचा निम्मा अर्थ असतो.

समजा, ओनित्शाच्या बाजारात एका तरुणाचं कापडाचं दुकान जळालं. त्या संध्याकाळी त्याचा काका घरी येऊन म्हणेल, माणूस जिथे पडतो तिथेच त्याच्या ‘ची’ने ढकललेलं असतं. त्या दिवशी ही म्हण त्याच्या खांद्यावरचा दोष उतरवते. दोन महिने उलटले, तो अजून ओट्यावर बसून आहे. आता तोच काका म्हणेल, माणूस हो म्हणाला की त्याचा ‘ची’ हो म्हणतो. आणखी वर्षभराने हाच तरुण कर्ज काढून एकदम तीन दुकानं उघडायला निघाला, तर काका ‘ची’च्या पुढे धावणाऱ्याची म्हण काढेल. काका तिन्ही वेळा बरोबर आहे. हीच क्रमवारी उलटी केली, आग लागली त्या संध्याकाळी ‘तूच हो म्हणाला नसशील’ असं ऐकवलं, तर तो काका क्रूर ठरतो. प्रेरणादायी भाषणांत नेमकं हेच होतं: जखम ताजी असलेल्या माणसालाही तीच एक म्हण ऐकवली जाते.

एका घरातल्या दोन भावंडांची नशिबं इतकी वेगळी का, यावर काही म्हण आहे?

‘ओफू न्ने ना-अमू, मा ओफू ची अदिघी एके.’ एक आई जन्म देते, पण घडवणारा ‘ची’ एक नसतो.

दोन मुलांची तुलना थांबवायला ही म्हण वापरतात, आणि एकाच्या अपयशाने दुसऱ्याने शरमून जाऊ नये म्हणूनही. आई तीच, अंगण तेच, पण घडवणारा हात प्रत्येकाचा वेगळा. म्हणजे तत्त्वतः कुठलाही माणूस दुसऱ्याची नक्कल नसतो. ज्या समाजात कुळ, भावकी, वयोगट यांचा इतका पगडा होता, त्यात ही म्हण व्यक्तीला तिची स्वतःची जागा देते, हे मला फार मोलाचं वाटतं.

ज्याचं नशीबच फुटकं, त्याच्यासाठी काय?

त्याला ‘ओन्ये ची ओजो’, वाईट ‘ची’चा माणूस, म्हणतात. हे शब्द बोचरे आहेत आणि ते बोचावेत म्हणूनच बोलले जायचे. शेती बुडणारा, मूल न जगणारं घर, सगळं करूनही मागे राहणारा माणूस अशांवर हा शिक्का बसे.

मुलांच्या मृत्यूबद्दल ‘ओग्बांजे’ ही समजूत होती: तेच मूल पुन्हा पुन्हा जन्माला येतं आणि आईला छळायला पुन्हा मरतं. यातल्या अनेक मृत्यूंमागे सिकल सेलचा आजार असावा, असं अभ्यासक आणि डॉक्टर मांडतात. गडचिरोली-नंदुरबारच्या वाचकांना हा आजार समजावून सांगायला नको. ज्याला आईच्या नशिबाचा दोष म्हटलं गेलं, ते रक्तातलं आनुवंशिक दुखणं होतं. नशिबाच्या भाषेची ही काळी बाजू झाकून ठेवू नये.

दुसऱ्या बाजूला अतिशय मायाळू म्हणही आहे: ‘एही एन्वेघी ओदू, ची या ना-अचूरू या इजिजी.’ ज्या गाईला शेपूट नाही, तिच्या अंगावरच्या माश्या तिचा ‘ची’ हाकलतो. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याच्यासाठीची ही म्हण. इथे जनावरालाही ‘ची’ आहे, याकडे माझं लक्ष दरवेळी जातं.

प्रत्येकाचा ‘ची’ वेगळा, तर जन्मावरून ठरलेलं काही नव्हतंच?

होतं. ‘ओसू’ नावाची प्रथा होती. ज्यांना किंवा ज्यांच्या पूर्वजांना एखाद्या देवतेला वाहिलेलं असे, ते ओसू. त्यांच्याशी लग्नसंबंध नाही, त्यांची वस्ती वेगळी, किताब त्यांच्यासाठी बंद, आणि हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या. 1956 मध्ये पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने कायदा करून ही प्रथा रद्द केली. तरी लग्न जुळवताना मुलाकडचे-मुलीकडचे आजही गुपचूप चौकशी करतात. जात माहीत असलेल्या मराठी वाचकाला यावर आणखी काही सांगायला नको.

म्हणून ‘हात धुतलेलं मूल वडीलधाऱ्यांबरोबर जेवतं’ (न्वाता क्वोचा अका, ओ सोरो ओकेन्ये रिए न्री) ही सुंदर म्हण सांगताना एक लक्षात ठेवावं, की काही मुलांनी हात कितीही घासून धुतले तरी त्यांना त्या पंगतीत बसू दिलं जात नव्हतं. म्हण समाजाचा आदर्श सांगते. समाज तिला जागला का, हे वेगळं तपासावं लागतं.

‘इकेंगा’ म्हणजे काय? त्याचा नशिबाशी काय संबंध?

इकेंगा ही लाकडी कोरीव मूर्ती, बहुधा शिंगं असलेली. काही अगदी साध्या, नुसती शिंगं आणि बैठक. काहींत पूर्ण माणूस, एका हातात सुरा. ब्रिटिश म्युझियमसह अनेक संग्रहालयांत त्या पाहायला मिळतात. ‘अका इकेंगा’ म्हणजे उजवा हात. ज्या हाताने माणूस कुदळ धरतो, कोयता चालवतो, त्याची ताकद म्हणजे इकेंगा. ही मुख्यतः पुरुषांची मूर्ती.

‘ची’ जे देतो ते इकेंगा घडवून आणतो, असं ढोबळमानाने म्हणता येईल. मोठ्या कामाला निघताना त्याला कोला फळ आणि ताडी द्यायची, यश आलं की आभार मानायचे. आणि यश आलंच नाही तर? ‘इकेंगा अदिघी इले, अवा या न्कू.’ इकेंगा कामाचा नसेल तर फोडून सरपण करा. देवाच्या मूर्तीबद्दल इतकं रोखठोक बोलणारे लोक मला तरी दुसरे चटकन आठवत नाहीत. याचा अर्थ श्रद्धा कमी होती असा नाही. जे साधन चालत नाही त्याला कवटाळून बसू नकोस, दुसरं घडव, असं ती म्हण बजावते. धंदा, पद्धत, गुरू, कशालाही ती लागू पडते.

आयुष्याचं ध्येय कसं शोधायचं, हे या म्हणी सांगतात का?

ज्या अर्थाने आज आपण ‘पर्पज’ म्हणतो, म्हणजे आत कुठेतरी दडलेली एक खास गोष्ट, जी एकांतात विचार करून सापडते, तसलं काही त्या सांगत नाहीत. ‘ओन्ये अजूजू अनाघी एफू उझो’, विचारणारा वाट चुकत नाही. ‘ओतू ओन्ये तूओ इझू, ओ ग्बूए ओचू’, एकट्याने मसलत करणारा खून करून बसतो. एकांतातल्या निर्णयाबद्दलचा हा अविश्वास किती टोकाचा आहे पाहा.

‘उवा बू अहिया’, जग हा बाजार आहे. खरेदी-विक्री झाली की माणूस घरी जातो, असंही म्हणतात. आपल्याकडे जग ही माया किंवा धर्मशाळा होते. इग्बोंचं जग म्हणजे चार दिवसांच्या आठवड्याचा (एके, ओरिए, आफो, न्क्वो) गजबजलेला बाजार. तिथे तुम्ही काहीतरी घेऊन जाता, काहीतरी घेऊन परतता, आणि मधल्या वेळात लोकांशी बोलावंच लागतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते पाहायचं तर ‘इग्बा बोई’ पाहावी. ही इग्बो व्यापाऱ्यांची उमेदवारीची पद्धत. किशोरवयातला मुलगा एखाद्या व्यापाऱ्याकडे, ‘ओगा’कडे, पाच-सात वर्षं राहतो. पगार नाही, जेवण, निवारा आणि धंद्याचं शिक्षण मिळतं. झाडलोट, गोणी उचलणं, मग गिऱ्हाईक, मग हिशेब, मग माल आणायला एकट्याने दूरच्या शहरात जाणं. मुदत संपली की ओगा त्याला भांडवल देऊन स्वतंत्र दुकान लावून देतो. याला तिकडे ‘सेटलमेंट’ म्हणतात. पुढे तो स्वतः ओगा होऊन दुसऱ्या मुलाला घेतो.

1967 ते 1970 च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे इग्बोबहुल पूर्व भाग नायजेरियातून फुटून निघाला तेव्हाच्या यादवीत, इग्बोंची धूळधाण झाली. युद्धानंतरच्या सरकारी धोरणानुसार बँकेत कितीही रक्कम असली तरी बहुतेकांच्या हातात फक्त 20 पौंड पडले. तिथून न्नेवी शहराचा गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापार, आबा शहराचा अरियारिया बाजार, लागोसमधला अलाबाचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असं जे उभं राहिलं, त्यात या उमेदवारीचा मोठा वाटा होता. ‘ओन्ये अघाला न्वान्ने या’, भावंडाला मागे टाकू नका, हे तिचं ब्रीद. तक्रारीही आहेत: मुदत संपत आली की चोरीचा आळ घेऊन मुलाला रिकाम्या हाताने हाकलणारे ओगाही असतात.

माझा मुद्दा असा, की पंधरा वर्षांच्या त्या मुलाला ‘तुझं ध्येय काय’ असं कोणी विचारत नाही. त्याला काम देतात आणि कामात तो कसा उमटतो ते पाहतात. कोणाचा ‘ची’ बोलण्यात आहे, कोणाचा हिशेबात, हे वर्षांनी कळतं, आणि बऱ्याचदा ते त्याच्या आधी ओगाला कळतं. अर्थात ही पद्धत बहुतांशी धंद्यापुरती, आणि मुख्यत्वे मुलग्यांपुरती. ज्याला चित्रं काढायची आहेत त्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हणींकडे त्याचं तयार उत्तर नाही.

इतरांच्या नशिबाचं काय? माझ्या ध्येयाच्या आड दुसरा आला तर?

‘एग्बे बेरे, ऊगो बेरे.’ घारही बसो, गरुडही बसो. जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो. शेवट काही जण बदलून सांगतात: त्याने दुसऱ्याला बसायची जागा दाखवावी. दोन्ही रूपं ऐकू येतात आणि बोलणाऱ्याचा स्वभाव त्यावरून कळतो.

‘ओन्ये जी ओन्ये न’आला जी ओन्वे या’: दुसऱ्याला जमिनीवर दाबून धरणारा स्वतःही तिथेच अडकून राहतो.

आणि ‘म्मादू बू ची इबे या’, माणूसच माणसाचा ‘ची’ असतो. फी भरणारी मावशी, ओळख करून देणारा शेजारी, बोलावून उमेदवारीला घेणारा ओगा. ‘ची’ ही अदृश्य जगातली गोष्ट असेल, पण तो येतो तेव्हा अनेकदा माणसाच्या पायांनी येतो, असा या म्हणीचा रोख.

याच्याविरुद्ध बाजूला ‘ओन्ये का म्मादू का ची या’ ही म्हण आहे: जो माणसापेक्षा वरचढ, तो त्याच्या ‘ची’पेक्षाही वरचढ. सत्तेपुढे कुणाचा ‘ची’ चालत नाही. ही म्हण कडवट आहे आणि ती संग्रहातून गाळू नये.

स्त्रियांनाही ‘ची’ असतो का?

असतो, आणि तो त्यांचा स्वतःचा असतो. नवऱ्याच्या ‘ची’चा भाग नसतो. नशीब घासून पुसून घडवण्याच्या बहुतेक प्रसिद्ध म्हणी मात्र पुरुषांच्या सभांतून नोंदल्या गेल्या, त्यामुळे शेत, कुस्ती आणि शिकार यांचीच उदाहरणं जास्त. 1929 मध्ये ब्रिटिश वसाहती सरकारच्या करांच्या धास्तीने आबा आणि आसपासच्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांना कोणी म्हणींतून परवानगी दिली नव्हती.

आता बहुतेक इग्बो ख्रिस्ती आहेत. मग ‘ची’चं काय झालं?

1857 मध्ये ओनित्शाला अँग्लिकन मिशन आलं, 1885 मध्ये कॅथलिक. मिशनऱ्यांनी ख्रिस्ती देवासाठी ‘चुक्वू’ आणि ‘चिनेके’ हे इथलेच शब्द घेतले. हळूहळू ‘ची’ आणि देव एकमेकांत मिसळले. आज चर्चमध्ये ‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’ म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा बायबलमधला देव असतो.

नावांत हे मिश्रण सगळ्यांत स्पष्ट दिसतं. चिनेदू (‘ची’ वाट दाखवतो), चिका (‘ची’ श्रेष्ठ), ओन्येकाची (‘ची’पेक्षा मोठा कोण?), केलेची (‘ची’चे आभार मान). चिनुआ हे नावही मूळ ‘चिनुआलुमोगू’चं छोटं रूप: माझा ‘ची’ माझ्या बाजूने लढो. चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलांचीच ही नावं असतात आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही.

वय निघून गेलं असं वाटणाऱ्यासाठी एखादी म्हण?

‘म्ग्बे ओन्ये जी तेता उरा बू उतूतू या.’ माणसाला जाग येते तीच त्याची सकाळ. आणि त्याहून छोटी, ‘ता बू ग्बो’: आज म्हणजे अजून लवकरच आहे.

पण हीच म्हण आळशाच्या तोंडी आली तर समोरचा ‘झटपट केलं तर अनर्थ टळतो’ (ए मे ंग्वा ंग्वा, ए मेघारा ओदाची) असं उलट सुनावेल.

उच्चार कसे करायचे?

देवनागरीत ते अंदाजे येतात. ‘ग्ब’ आणि ‘क्प’ हे जोडाक्षर नसून एकच ध्वनी आहेत: ओठ आणि जिभेची मागची बाजू एकदम सोडायची. ‘इग्बो’ म्हणताना ‘इग्-बो’ असं तोडू नये. इग्बोत काही स्वरांच्या दोन छटा आहेत. लिपीत त्या अक्षराखाली टिंब देऊन दाखवतात, इथे दाखवता आलेल्या नाहीत. शिवाय भाषा सुरांची आहे. ‘अक्वा’ या एकाच अक्षरक्रमाचा सूर बदलला की रडणं, कापड, अंडं किंवा पलंग असे चार अर्थ होतात. म्हणून ओळखीच्या इग्बो माणसाकडून एखादी म्हण दोनदा ऐकावी, त्याच्यासमोर म्हणून पाहावी आणि तो हसला तर तिसऱ्यांदा म्हणावी. गावागणिक शब्दही बदलतात. ओनित्शाकडचा माणूस ‘इहे’ऐवजी ‘इफे’ आणि ‘अहिया’ऐवजी ‘अफिया’ म्हणेल, ते चूक समजू नये.